घटक ५ : 'रिकामी' जमीन – मासाई पशुपालक जीवन, भाषा आणि भूमी-हक्क

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर पूर्व आफ्रिकेतील मासाई समाजाचे पशुपालक जीवन आणि त्यांची 'मा' भाषा यांचे नाते आपणांस उदाहरणांसह सांगता येईल. करारपत्रे, न्यायनिर्णय आणि कायद्यातील व्याख्या यांमधील शब्दयोजना एखाद्या समाजाच्या जमिनीवरील हक्कांवर कसा परिणाम करते, याचे विश्लेषण करता येईल. तसेच 'रिकामी', 'पडीक', 'न वापरलेली' यांसारख्या वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या शब्दांकडे चिकित्सक दृष्टीने पाहता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, भाषा आणि संस्कृती यांच्या संबंधाचा विचार करताना आपण बहुधा शब्दसंग्रहाकडे वळतो. कोणत्या समाजात कशासाठी किती शब्द आहेत, याची मोजदाद करतो आणि तेथेच थांबतो. ही मोजदाद मनोरंजक असते, पण तिच्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. शब्द जेव्हा एका समाजाच्या तोंडातून निघून दुसऱ्या समाजाच्या कागदावर जातो, तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. या घटकात आपण तो एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे अभ्यासणार आहोत.

मासाई लोक केनियाच्या दक्षिण भागात आणि टांझानियाच्या उत्तर भागात राहतात. त्यांची 'मा' ही भाषा निलोटिक भाषासमूहाच्या पूर्व शाखेतील आहे. लाल वस्त्र पांघरलेला, हाती भाला घेतलेला उंच तरुण हे मासाईंचे चित्र पर्यटनाच्या जाहिरातींनी जगभर पोहोचविले आहे. आपणही ते पाहिले असेल. हे चित्र खोटे नाही, पण त्यात ज्या गवतावर तो तरुण उभा आहे ते गवत कोणाचे, हा प्रश्न कधीच दिसत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला तीन वेळा एकच उत्तर मिळाले : जमीन रिकामी आहे. प्रत्येक वेळी ते देणारा वेगळा होता आणि त्याची भाषाही वेगळी होती.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ गाईभोवतीचा शब्दसंसार

'मा' भाषेत गाईला 'एन्किटेंग' म्हणतात आणि गुराढोरांना 'इन्किशू'. एकवचन आणि अनेकवचन यांची रूपे एकमेकांपासून बरीच दूर गेलेली आहेत. ज्या शब्दांचा वापर सर्वाधिक होतो त्यांच्यात अशी अनियमितता टिकून राहते, हा अनेक भाषांत आढळणारा अनुभव आहे. मराठीतील 'जा-' आणि 'गे-' ही रूपे आठवून पाहा. नामापूर्वी लागणारा 'ओल-' हा उपसर्ग पुल्लिंग दाखवितो आणि 'एन-' हा स्त्रीलिंग दाखवितो. परंतु हेच उपसर्ग लहानमोठेपणाही सुचवितात. 'ओलालेम' म्हणजे तलवार, तर 'एन्कालेम' म्हणजे लहान सुरी. आपल्याकडील 'सुरा' आणि 'सुरी', 'पाटा' आणि 'पाटी' या जोड्यांत लिंग आणि आकार यांचा असाच मेळ आहे. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही.

याहून बोलके उदाहरण संबोधनांचे आहे. मासाई समाजात दोन व्यक्तींमध्ये जनावराची देवघेव झाली, की त्या व्यक्ती पुढे एकमेकांना त्या देण्याच्या नावाने हाक मारतात. गाय दिली-घेतली असेल तर 'पाकिटेंग', मेंढी असेल तर 'पाकेर'. व्यक्तीचे नाव मागे पडते आणि दिलेल्या जनावराचे नाव त्या नात्याचे नाव होते. ज्याच्याशी असे नाते आहे त्याच्याकडे दुष्काळात हक्काने जाता येते. स्वतःची जनावरे एकाच ठिकाणी न ठेवता अनेक मित्रांच्या कळपांत विखुरणे हा रोगराई आणि अवर्षण यांविरुद्धचा विमा आहे. त्या विम्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. ती हाक मारण्याच्या पद्धतीत असते. भाषा हा दस्तऐवज असतो असे आपण अलंकारिक अर्थाने म्हणतो. येथे तो अर्थ शब्दशः घ्यावा लागतो.

'एन्काई' हा शब्द ईश्वरासाठी आहे आणि पावसासाठीही. व्याकरणदृष्ट्या तो स्त्रीलिंगी आहे. काळा एन्काई कृपाळू, पाऊस देणारा. तांबडा एन्काई कोपिष्ट. काळे ढग आणि रखरखीत आकाश पाहणाऱ्या पशुपालकाला ही विभागणी समजावून सांगावी लागत नाही. एन्काईने आकाशातून सर्व गुरे चामड्याच्या दोरीवरून मासाईंसाठी खाली सोडली, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. या कथेचा आधार घेऊन शेजारच्या समाजांची गुरे पळवून आणणेही योग्य ठरविले जाई, हे नमूद केले पाहिजे. गुरे नसलेल्या, शिकार आणि मध यांवर जगणाऱ्या समूहांना मासाई 'इल्तोरोबो' म्हणत आणि त्या शब्दात दारिद्र्याची हेटाळणी होती. जो समाज पुढे अन्यायाचा बळी ठरतो, त्याच्याही भाषेत उच्चनीचता असते. अभ्यासकाने सहानुभूतीपोटी ती झाकू नये.

वस्तीचा शब्द 'एन्कांग'. काटेरी कुंपणाच्या आत अनेक कुटुंबे एकत्र राहतात आणि मध्यभागी रात्री गुरे असतात. घरे बांधतात त्या स्त्रिया. काटक्या, माती आणि शेण यांनी लिंपलेले घर ते बांधणाऱ्या स्त्रीचे मानले जाते आणि दुधाचे वाटपही तिच्याच हाती असते. दुधाचा भोपळा रानऑलिव्हच्या जळत्या काडीने आतून धुरावून निर्जंतुक करतात. त्या धुराचा वास दुधाला लागतो आणि तो आवडीचा असतो. दूध हे मुख्य अन्न, प्रसंगी मांस, आणि पूर्वी गाईच्या मानेची शीर टोचून काढलेले रक्तही. आज मक्याचे पीठ हा रोजच्या जेवणाचा मोठा भाग झाला आहे. बाहेरचे लोक मात्र मासाईंच्या कोणत्याही वस्तीला सर्रास 'मन्याटा' म्हणतात. मूळ शब्द तरुण योद्ध्यांच्या, म्हणजे 'इल्मुर्रान' यांच्या, विशेष वसाहतीपुरता आहे. एका समाजाच्या जीवनातील एक टप्पा उचलून तो संपूर्ण समाजावर डकवण्याचा हा प्रकार आहे आणि जाहिरातीतील भालाधारी तरुणाशी त्याचे जवळचे नाते आहे.

५.३.२ गवत, पाऊस आणि वर्षाचे चक्र

मासाई प्रदेशात पाऊस वर्षातून दोनदा येतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास छोटा पाऊस, आणि मध्ये जून ते ऑक्टोबर असा प्रदीर्घ कोरडा काळ. पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. एका दरीत गवत उगवते, तर शेजारची दरी कोरडी राहते. अशा प्रदेशात एकाच तुकड्यावर कायम राहणे म्हणजे कळप गमावणे होय. म्हणून पावसाळ्यात खुल्या मैदानांवर आणि कोरड्या काळात डोंगरउतार, दलदली व बारमाही झरे यांकडे, असे स्थलांतर होते. कोरड्या काळासाठीची कुरणे पावसाळ्यात जाणूनबुजून मोकळी ठेवली जातात. वस्तीजवळ वासरांसाठी आणि आजारी जनावरांसाठी एक पट्टा राखून ठेवलेला असतो. तेथे मोठा कळप नेला तर वडीलधारी मंडळी दंड करतात.

ही 'राखणे' नावाची क्रिया नीट समजून घ्या, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. राखलेल्या कुरणावर सहा महिने एकही गुरू दिसत नाही. तेथे नांगरट नाही, कुंपण नाही, घर नाही. परक्याच्या नजरेला ते ओसाड दिसते. मालकाच्या नजरेला ते भरलेले कोठार असते.

आता एक अधिक सूक्ष्म उदाहरण पाहू. सेरेंगेटीच्या दक्षिणेकडील आणि न्गोरोंगोरोच्या पायथ्याकडील मैदानांवर ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली माती आहे आणि तेथील आखूड गवत अत्यंत पौष्टिक असते. वर्षाच्या आरंभी, विशेषतः फेब्रुवारीत, लाखो विल्डबीस्ट या मैदानांवर वितात. त्यांच्या नवजात वासरांपासून एक विषाणू गुरांना लागतो. विल्डबीस्टला त्याचा त्रास होत नाही. गाईला मात्र तो बहुधा मारक ठरतो. म्हणून वर्षातील सर्वांत उत्तम गवत उगवलेले असतानाही मासाई गुराखी आपली गुरे तेथून हलवून उंच डोंगरांवर नेतात आणि वासरे थोडी मोठी झाल्यावरच परततात. म्हणजे त्या काळात वन्यप्राण्यांना ते मैदान मोकळे मिळते. यामागे 'संवर्धन' असा शब्द नाही. गाय वाचविण्याचा हेतू आहे. परिणाम मात्र दोघांच्या हिताचा होतो.

मासाई समाज 'इलोशोन' म्हणजे प्रादेशिक विभागांत विभागलेला आहे. पुर्को, किसोंगो, लोइटा, काप्युटिएई, मातापातो ही त्यांपैकी काही नावे. प्रत्येक विभागाचा प्रदेश ठरलेला असतो, पण ती सीमा म्हणजे भिंत नसते. दुष्काळात दुसऱ्या विभागाकडे परवानगी मागावी लागते आणि ती सहसा दिली जाते, कारण पुढच्या दुष्काळात आपल्यालाही मागावी लागणार आहे. परवानगी मागणे आवश्यक असणे याचाच अर्थ मालकी आहे. ती विक्रीयोग्य नाही, एवढेच. हातात गवताची जुडी धरणे हे मासाईंमध्ये शांततेचे आणि विनवणीचे चिन्ह आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने सामायिक कुरणाची शोकांतिका मांडणारा प्रसिद्ध लेख लिहिला. प्रत्येक गुराखी स्वार्थापोटी एकेक जनावर वाढवीत जातो आणि शेवटी कुरण नष्ट होते, असा त्याचा युक्तिवाद होता. हा गुराखी हार्डिनने कल्पिलेला होता. त्याला शेजारी नव्हते, वडीलधारे नव्हते, दंड नव्हता, आणि मुख्य म्हणजे तो कोणाशी बोलत नव्हता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगातील अनेक प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे, नियम असलेली सामायिक मालकी टिकते हे दाखविले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. परंतु तोवर हार्डिनच्या मुक्या गुराख्याने अनेक देशांच्या धोरणांत घर केले होते.

स्वयं-अध्ययन – १

(अ) 'पाकिटेंग' या संबोधनाला आर्थिक दस्तऐवज का म्हणता येईल? (आ) राखलेले कुरण आणि ओसाड जमीन यांतील भेद बाहेरच्या निरीक्षकाला का दिसत नाही? उत्तरे प्रत्येकी चार-पाच वाक्यांत लिहा.

५.३.३ दोन करार आणि एक खटला

ब्रिटिश सत्ता पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागात पोहोचली ती मासाईंच्या सर्वांत वाईट काळात. १८९० च्या आसपास गुरांच्या बुळकांडी रोगाने कळपच्या कळप नष्ट केले. पाठोपाठ देवीची साथ आणि अवर्षण आले. त्याच सुमारास म्बातियानी हा थोर 'लाइबोन', म्हणजे धार्मिक प्रमुख, मरण पावला आणि त्याच्या ओलोनाना व सेन्तेऊ या दोन पुत्रांमध्ये वारसायुद्ध पेटले. मासाई या काळाला 'एमुताई' म्हणजे सर्वनाश म्हणतात. रेल्वेचे रूळ टाकीत आलेल्या अधिकाऱ्यांना रिफ्ट खोऱ्यातील नैवाशा-नाकुरूची कुरणे रिकामी दिसली, यात नवल नाही. ती त्या क्षणी खरोखरच बरीचशी रिकामी होती. आजारी माणूस रुग्णालयात असताना त्याच्या घराला कुलूप दिसते. त्यावरून घर बेवारस ठरत नाही.

१९०४ च्या ऑगस्ट महिन्यात कमिशनर सर डोनाल्ड स्टुअर्ट यांनी मासाई प्रमुखांशी करार केला. त्यानुसार मासाईंनी रिफ्ट खोरे सोडून उत्तरेला लैकिपिया आणि दक्षिणेला दुसऱ्या एका राखीव प्रदेशात जायचे होते. दोन्ही प्रदेशांना जोडणारी वाट देण्याचे आश्वासन होते आणि मासाई वंश अस्तित्वात असेल तोवर ही व्यवस्था कायम राहील असे म्हटले होते.

भाषेच्या विद्यार्थ्याने या करारपत्राची रचना पाहावी. ते प्रथमपुरुषी अनेकवचनात आहे. प्रमुख स्वतःच बोलत आहेत, स्वेच्छेने निर्णय घेत आहेत, आपल्याच हितासाठी रेल्वेमार्गापासून आणि गोऱ्या वसाहतींना खुल्या होणाऱ्या जमिनींपासून दूर जात आहेत, असा त्याचा सूर आहे. प्रत्यक्षात मजकूर इंग्रजीत तयार झाला. तो स्वाहिलीत आणि स्वाहिलीतून 'मा' भाषेत सांगण्यात आला. आणि स्वाक्षरीच्या जागी अंगठे व खुणा उमटल्या. मराठीत या 'वी'चे भाषांतर करताना आपल्याला 'आम्ही' आणि 'आपण' यांतून निवड करावीच लागते, आणि निवड करू लागताच घोटाळा उघड होतो. ते 'आम्ही' ज्यांनी लिहिले ते त्या 'आम्ही'त नव्हते.

जोपर्यंत वंश आहे तोपर्यंत टिकणारा हा करार सात वर्षे टिकला. लैकिपियाची कुरणेही वसाहतवाल्यांना हवी झाली. १९११ च्या आरंभी ओलोनाना मरण पावला. उत्तरेकडील मासाईंनी दक्षिणेला जावे ही त्याची मृत्युशय्येवरील इच्छा होती, असे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सांगितले. एप्रिलमध्ये दुसरा करार झाला. उत्तरेकडील नेता ओले गिलिशो याचा या स्थलांतराला विरोध होता. (इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव 'लेगालिशू' असे झाले आहे. ज्याचे नाव नीट ऐकू आले नाही, त्याची संमती नीट ऐकली गेली असेल का, असा प्रश्न मनात येतो.) हजारो माणसे आणि लाखो जनावरे यांची पहिली हालचाल थंडीपावसात, डोंगर ओलांडताना मोडकळीस आली आणि थांबवावी लागली, १९१३ पर्यंत ती पुरी करण्यात आली. दोन करारांत मिळून मासाईंनी ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतील आपल्या निम्म्याहून अधिक भूमीवरचा ताबा गमावला.

यानंतर जे घडले ते त्या काळाच्या मानाने असाधारण आहे. मासाई न्यायालयात गेले. ओल ले न्जोगो आणि इतरांनी वकील नेमून सरकारवर दावा लावला. १९०४ चा करार अजूनही बंधनकारक आहे. १९११ चा करार करण्याचा अधिकार सही करणाऱ्यांना नव्हता. आणि स्थलांतरात मेलेल्या गुरांची भरपाई मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. १९१३ मध्ये मोम्बासाच्या उच्च न्यायालयाने आणि त्याच वर्षी अपील न्यायालयाने तो दावा फेटाळला.

फेटाळण्याचे कारण एका शब्दावर उभे होते. हे दस्तऐवज म्हणजे दिवाणी 'करार' नव्हेत, तर दोन सत्तांमधील 'तह' आहेत, असे न्यायालयाने ठरविले. पूर्व आफ्रिका हे संरक्षित राज्य आहे, ब्रिटिश भूमी नव्हे. म्हणून मासाई हे राजाचे प्रजाजन नव्हेत, तर तह करण्याइतके सार्वभौमत्व उरलेला परका समाज आहेत. आणि परक्या सत्तेशी झालेला तह हे राज्याचे कृत्य असल्याने तो मोडला तर देशांतर्गत न्यायालयात दाद मागता येत नाही! ज्यांना दोन वेळा स्वतःच्या कुरणांतून उठविले गेले, त्यांना त्याच वेळी सार्वभौम म्हटले गेले. 'सार्वभौम' हा एरवी गौरवाचा शब्द. येथे त्याचा उपयोग न्यायालयाचे दार लावून घेण्यासाठी झाला. शब्दाचा अर्थ कोशात असतो तितकाच तो उच्चारणाऱ्याच्या अधिकारात असतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

या कथेला एक उत्तरार्ध आहे. २००४ साली, पहिल्या कराराला शंभर वर्षे होताच, लैकिपियात मासाईंनी मोर्चे काढले. काही जण गुरांसह मोठ्या फार्ममध्ये शिरले. नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा संपला, जमीन परत द्या, अशी मागणी होती. केनिया सरकारने ती अमान्य केली : भाडेपट्टे नऊशे नव्याण्णव वर्षांचे आहेत. १९०४ च्या करारपत्रात भाडेपट्ट्याची अशी मुदत नाहीच. मग ही मागणी निराधार होती काय? १९०२ च्या जमीनविषयक वटहुकमाने वसाहतवाल्यांना नव्याण्णव वर्षांचे पट्टे देता येत होते. १९१५ च्या वटहुकमाने ती मुदत नऊशे नव्याण्णव केली. म्हणजे मौखिक स्मृतीने दोन दस्तऐवज एकत्र केले होते, पण तिने आकडा कल्पनेतून काढलेला नव्हता. मौखिक परंपरेला चूक ठरविण्यापूर्वी ती नेमके काय लक्षात ठेवते, हे पाहावे.

५.३.४ सेरेंगेटी : 'शेवटचे अस्पर्श रान'

आफ्रिकेच्या नकाशावर मासाई आजही सर्वत्र आहेत, नावांत आहेत. नैरोबी हे नाव 'थंड पाणी' या अर्थाच्या 'मा' शब्दांवरून आले. नारोक म्हणजे काळे. अंबोसेलीच्या मुळाशी खारट धुळीचा शब्द आहे. सेरेंगेटी हे नावही सामान्यतः अथांग पसरलेल्या मैदानाच्या 'मा' शब्दाशी जोडले जाते. ज्या भूमीला मनुष्यवस्तीचा स्पर्श नाही असे सांगितले जाते, तिचे नाव मनुष्यांच्याच भाषेत का असावे?

सेरेंगेटीला १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे रूप मिळाले. वादविवादानंतर १९५९ मध्ये मासाईंना उद्यानाबाहेर पडावे लागले आणि पूर्वेचा सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचा न्गोरोंगोरो प्रदेश निराळा काढण्यात आला. तेथे वन्यप्राणी आणि पशुपालक एकत्र राहतील, आणि हितसंबंधांचा संघर्ष झाल्यास माणसांचे हित वरचढ मानले जाईल, असे आश्वासन तत्कालीन गव्हर्नरांनी दिले. त्याच वर्षी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक यांचा सेरेंगेटीवरील माहितीपट प्रदर्शित झाला आणि त्याला ऑस्कर मिळाला. प्राण्यांवरील त्यांचे प्रेम खरे होते. पण उद्यान म्हणजे मनुष्यरहित आदिम रान, ही कल्पना त्या काळी युरोपच्या मनात घट्ट बसली.

न्गोरोंगोरोमध्ये आश्वासनाचे पुढे काय झाले? १९७४ मध्ये प्रसिद्ध विवराच्या तळातील वस्त्या उठविल्या गेल्या. १९७५ मध्ये शेतीवर बंदी आली, १९९२ मध्ये ती उठली, २००९ मध्ये पुन्हा लागू झाली. दरम्यान सरकारी पशुवैद्यकांनी गुरांना बुळकांडीची लस टोचल्यामुळे रोगाचा उगमच आटला आणि विल्डबीस्टची संख्या १९६० च्या आरंभीच्या सुमारे अडीच लाखांवरून पुढील दोन दशकांत दहा लाखांपलीकडे गेली. गुरांना टोचलेल्या लशीने रान भरले. पण विल्डबीस्ट वाढले तसे त्यांच्या विणीचे क्षेत्रही वाढले, आणि विषाणूच्या भीतीने मासाईंना उत्तम गवताची मैदाने पूर्वीपेक्षा अधिक काळ सोडावी लागू लागली.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. १९५९ मध्ये न्गोरोंगोरोत साधारण आठ हजार लोक होते. अलीकडे ती संख्या एक लाखाच्या घरात गेली. इतक्या लोकसंख्येचा भार त्या भूमीला पेलेल काय, हा प्रश्न कृत्रिम नाही. मात्र त्याच काळात माणशी गुरांचे प्रमाण सातत्याने घटले आहे, म्हणजे बहुतेक कुटुंबे केवळ गुरांवर जगू शकत नाहीत आणि शेतीला बंदी आहे. अलीकडच्या वर्षांत टांगा प्रांतातील म्सोमेरा येथे स्थलांतराची योजना राबविली जात आहे. सरकार तिला स्वेच्छा-स्थलांतर म्हणते. शाळा, दवाखाने आणि इतर सेवा आटवून मिळविलेल्या संमतीला स्वेच्छा म्हणावे काय, असे विरोधक विचारतात. 'स्वेच्छेने' हा शब्द आपण १९०४ च्या कागदातही पाहिला आहे.

५.३.५ कुंपण आणि व्याख्या

स्वतंत्र केनियाने १९६८ च्या कायद्याने सामूहिक पशुक्षेत्रांची पद्धत आणली. योगायोगाने हार्डिनच्या लेखाचे वर्षही तेच आहे. ठरावीक जमीन ठरावीक सदस्यांच्या नावे सामूहिकरीत्या नोंदवायची, अशी ही योजना होती. नोंद झाली ती प्रामुख्याने कुटुंबप्रमुख पुरुषांची. घर बांधणारी, दूध वाटणारी स्त्री कागदावर आलीच नाही. १९८० नंतर ही क्षेत्रे वैयक्तिक तुकड्यांत विभागली जाऊ लागली. मालकीपत्र हाती आले. मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी, कधी केवळ मोहापायी तुकडे विकले गेले. नैरोबीच्या दक्षिणेला किटेंगेला परिसरात कुंपणे उभी राहिली आणि गुरे व वन्यप्राणी या दोघांच्याही वाटा तुटल्या. २०१० च्या राज्यघटनेने सामुदायिक जमीन हा स्वतंत्र प्रकार मानला आणि २०१६ चा कायदा त्यावर आधारलेला आहे. परंतु एकदा तुकडे झालेले कुरण कायद्याने पुन्हा जुळत नाही.

टांझानियाची कथा वेगळी आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. तेथे सर्व जमीन राष्ट्राध्यक्षांकडे विश्वस्त म्हणून असते. १९९९ मध्ये दोन कायदे एकत्रच झाले : जमीन कायदा आणि ग्रामभूमी कायदा. ग्रामभूमीचे व्यवस्थापन ग्रामपरिषदेकडे असते. 'सामान्य भूमी' मात्र केंद्रीय शासनाच्या अखत्यारीत येते. आता दोन्ही कायद्यांतील 'सामान्य भूमी'ची व्याख्या पाहा. राखीव किंवा ग्रामभूमी नसलेली ती सामान्य भूमी, एवढे दोन्हींत समान आहे. जमीन कायदा मात्र पुढे एक उपवाक्य जोडतो : गावाची जी जमीन ताब्यात नाही किंवा वापरात नाही, तिचाही त्यात समावेश होतो. ग्रामभूमी कायद्यात हे उपवाक्य नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा किरकोळ फरक वाटेल. ५.३.२ मधील राखलेले कुरण आठवा. कोरड्या काळासाठी सहा महिने मोकळे ठेवलेले गवत वापरात आहे की नाही? नांगराच्या भाषेत नाही, कळपाच्या भाषेत आहे. त्या जमिनीचा वापर म्हणजेच तिला न वापरणे होय. मराठीतही 'पडीक' आणि 'गायरान' या दोन शब्दांत हाच भेद आहे. पहिल्यात अभाव आहे, दुसऱ्यात उपयोग. एकाच माळाला कोणता शब्द लावला जातो, यावर पुढचा निर्णय ठरतो.

सेरेंगेटीच्या पूर्वेला, केनियाच्या सीमेलगत, लोलियोंदो आहे. १९९२ मध्ये तेथील शिकारीचा परवाना संयुक्त अरब अमिरातीतील एका कंपनीला मिळाला. २००९ मध्ये मासाईंच्या वस्त्या जाळून त्यांना हटविण्यात आले; २०१७ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. वाद सुमारे १,५०० चौरस किलोमीटर भूमीचा आहे. ग्रामस्थांच्या मते ती नोंदणीकृत गावांची भूमी. शासनाच्या मते संरक्षित क्षेत्र. जून २०२२ मध्ये सीमाखांब रोवण्यासाठी सुरक्षा दले आली तेव्हा संघर्ष झाला. एक पोलीस मृत्युमुखी पडला, अनेक मासाई जखमी झाले आणि बरेच जण उपचारांसाठी व आश्रयासाठी केनियात गेले. चार गावांनी २०१७ मध्ये पूर्व आफ्रिकी न्यायालयात दावा दाखल केला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये पुराव्याअभावी तो फेटाळला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या अपील विभागाने तो निर्णय रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. ११० वर्षांपूर्वी मोम्बासात 'सार्वभौम' म्हणून परत पाठविलेल्यांचे वंशज या वेळी निदान ऐकून घेण्यास पात्र ठरले.

स्वयं-अध्ययन – २

(अ) 'करार' आणि 'तह' या भेदामुळे १९१३ च्या दाव्याचा निकाल कसा बदलला? (आ) टांझानियाच्या दोन कायद्यांतील व्याख्यांमधील फरक पशुपालकांना का जाचक ठरतो?

५.४ पारिभाषिक शब्द

एन्कांग : काटेरी कुंपणाची, अनेक कुटुंबांची वस्ती. इलोशोन : मासाईंचे प्रादेशिक विभाग. इल्मुर्रान : तरुण योद्ध्यांचा वयोगट. लाइबोन : धार्मिक विधी व भविष्यकथन करणारा प्रमुख. एमुताई : १८९० च्या आसपासचा सर्वनाशाचा काळ. ग्रामभूमी : टांझानियात ग्रामपरिषदेच्या व्यवस्थापनाखालील जमीन. राज्याचे कृत्य : परक्या सत्तेशी व्यवहार करताना शासनाने केलेली, देशांतर्गत न्यायालयाच्या कक्षेबाहेर मानली जाणारी कृती.

५.५ सरावासाठी स्वाध्याय

१. '१९०४ च्या करारपत्रातील प्रथमपुरुषी निवेदन' या विषयावर दोनशे शब्दांत टिपण लिहा. कोण बोलते, कोणाच्या भाषेत बोलते आणि कोणाला उद्देशून बोलते, या तीन अंगांनी विचार करा.

२. मासाईंच्या मौखिक स्मृतीतील नव्याण्णव वर्षांचा आकडा आणि लिखित दस्तऐवज यांची तुलना करा. अशा प्रसंगी अभ्यासकाने कोणती सावधगिरी बाळगावी?

३. आपल्या गावाच्या किंवा वस्तीच्या परिसरातील एखाद्या मोकळ्या जागेसाठी लोक कोणकोणते शब्द वापरतात, ते वेगवेगळ्या वयाच्या व व्यवसायांच्या किमान पाच व्यक्तींना विचारून नोंदवा. गुरे किंवा मेंढ्या राखणारी एक व्यक्ती त्यांत अवश्य असावी. त्याच जागेसाठी सरकारी कागदपत्रांत कोणता शब्द आहे ते पाहा आणि दोन्ही याद्या शेजारी-शेजारी लिहून अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात घेऊन या.